रेंजची एकच काडी आणि आपलं रक्त

राधानगरी सोडून एसटी दाजीपूरच्या दिशेने निघाली, की मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. एकच उरली की तुम्ही काय करता? फोन कानाला आणखी घट्ट दाबता आणि ओरडता, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’

दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत असतो : टॉवरच्या रेडिएशनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात, प्रतिकारशक्ती जाते. मग गावात टॉवर नको म्हणून सह्या गोळा होतात. त्या कागदावर सही करण्याआधी एवढं वाचाच.

मोबाईलच्या लहरी आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी एकाच कुळातल्या. फरक ताकदीचा. ओव्हन शेकडो वॅटचा, तर 4जी फोन जास्तीत जास्त सुमारे 0.2 वॅटचा. एक्स-रेसारखे डीएनएचे बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींमध्ये नसते. त्या पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते.

उष्णता फार वाढली तर रक्तपेशींनाही त्रास होणार, हे खरंच. पण रक्त वाहतं असतं. एका जागी तयार झालेली उष्णता ते उचलून शरीरभर पांगवतं. म्हणून तर रक्तवाहिन्या नसलेलं डोळ्यातलं भिंग जास्त नाजूक मानतात.

प्रयोगशाळेत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर लहरी सोडून बरेच प्रयोग झाले. काहींत बदल दिसले, पण तेच प्रयोग पुन्हा केल्यावर अनेकदा दिसले नाहीत. पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णतेचा.

मग काळजी उगाच का? तसंही नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी 2010मध्येच दूरसंचार विभागाला टॉवरच्या धोक्यांवर अहवाल दिला होता. 1 सप्टेंबर 2012पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. 2011मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे! 2024मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही.

आता खरी गंमत. टॉवर लांब असतो आणि अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्याने ओसरतो. फोन मात्र थेट कानाला. त्यात रेंज कमी असली, की टॉवरपर्यंत पोचायला फोन स्वतःची ताकद वाढवतो. रेंज चांगली असली की तोच फोन शेकडो पटींनी कमी ताकदीत काम भागवतो. म्हणजे टॉवर हाकलला, तर डोक्याला मिळणारं रेडिएशन उलट वाढू शकतं!

मग करायचं काय?

- रेंज कमी असेल तर मेसेज करा. बोलायचंच असेल तर स्पीकर किंवा हेडफोन लावा.
- *#07# डायल करा. फोनचा ‘सार’ आकडा दिसेल. भारतात मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे.
- टॉवरबद्दल शंका असेल तर सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर माहिती पाहा, मोजणीची मागणी करा. मोजलेला आकडा हातात घेऊन ग्रामसभेत बोला.

प्रश्न जरूर विचारा. पण आडवाटेच्या वाडीत रात्री कुणाला साप चावला आणि रेंजअभावी 108ला फोनच लागला नाही, तर जीव जाऊ शकतो. सही करताना दोन्ही बाजू तोलून बघा.