मॉरिशसचा चेंडू

मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 'बाकीचे' अशा धर्मवार संघांचे जे पंचरंगी क्रिकेट सामने एके काळी होत असत आणि जे १९४६ नंतर बंद पडले, त्यांची हकीगत ज्याने वाडवडिलांच्या तोंडून ऐकली आहे, त्याला हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या फुटबॉलचा इतिहास मुळीच परका वाटणार नाही. आपल्याकडे जे पेव वेळीच बुजवले गेले, ते तेथे आणखी अर्धशतकभर उघडे राहिले, इतकाच फरक.

हे बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, आणि वस्ती जेमतेम साडेबारा लाखांच्या आसपास. परंतु १८१० साली फ्रेंचांकडून इंग्रजांनी ते जिंकून घेतल्यावर आणि १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर आणण्यास आरंभ झाल्यावर, भोजपुरी, तमिळ, तेलुगू व कोकणातून गेलेले मराठी, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि मळ्यांचे मालक असलेले फ्रेंच, अशी माणसांची इतकी विविध सरमिसळ तेथे झाली, की सरकारी दप्तरातील रकानेसुद्धा अपुरे पडावेत. इंग्रजी अमदानीत रुजलेल्या फुटबॉलने हेच रकाने मैदानावर मांडले. गोऱ्या फ्रेंचांचा डोडो क्लब, हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स. आणि अग्निशामक दलातून निघालेल्या फायर ब्रिगेडच्या पाठीशी प्रामुख्याने क्रिओल प्रेक्षक.

या व्यवस्थेला केवळ नावे ठेवून चालणार नाही. ज्या मजुराला मळ्यात गोऱ्या मालकापुढे मान वर करण्याची मुभा नव्हती, त्याच्या नातवाला आपल्या संघाने त्याच मालकाच्या संघावर गोल चढवलेला पाहण्याचे जे समाधान लाभत असेल, त्याची किंमत पैशांत कशी करावी? सामन्यांना गर्दी लोटत असे, खेळाडू घडत असत. आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशाने अवघ्या सहा वर्षांत, १९७४ साली, इजिप्तमधील आफ्रिका चषकाच्या अंतिम स्पर्धेपर्यंत मजल मारली. तेथे गिनी, काँगो व झैर या तिघांकडूनही त्याची हार झाली खरी, पण झैरने पुढे तो चषकच पटकावला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पराभवाची बोच बरीच कमी होते. १९८५ साली स्वगृही भरलेल्या हिंदी महासागर क्रीडास्पर्धेत तर फुटबॉलचे सुवर्णपदकही मिळाले.

धर्माच्या नावाने चालणारे क्लब एकराष्ट्रीयत्वास घातक, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. नावे बदलण्यात आली. हिंदू कॅडेट्सचा नुसता कॅडेट्स झाला, मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स. पण पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही, आणि प्रेक्षकांनाही कोणता क्लब कोणाचा हे सांगावे लागत नव्हते.

१९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. ती धग निवते न निवते तोच २३ मे रोजी बेल व्ह्यू येथील अंजले स्टेडियमवर स्काउट्स व फायर ब्रिगेड यांचा निर्णायक सामना झाला. (१९४३ च्या मजूर-संपात पोलिसांच्या गोळीने बळी पडलेल्या अंजले कूपन या गर्भवती स्त्रीचे नाव त्या स्टेडियमला दिलेले आहे.) फायर ब्रिगेड जिंकला, मैदानावर दंगा माजला, आणि जमाव पोर्ट लुईत परतल्यावर लामिकाल नावाच्या जुगारघराला आग लावण्यात आली. सात माणसे जळून मेली.

स्पर्धा बंद झाल्या. आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा जुने क्लब जाऊन पोर्ट लुई, क्युरपीप, पांपलमूस अशा गावांच्या नावाचे क्लब आले. योजना निर्दोष होती. २००३ साली हिंदी महासागर स्पर्धेचे सुवर्णपदक पुन्हा हाती आले. मात्र क्लबांच्या सामन्यांची गर्दी ओसरली ती ओसरलीच, कारण आजोबापासून नातवापर्यंत वारशाने उतरलेला अभिमान हुकूमनाम्याने एका गावाच्या नावे वर्ग करता येत नाही. आता बेटावरची खरी हमरीतुमरी चालते ती दूरचित्रवाणीसमोर, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्या भक्तांमध्ये, आणि तिथे एकाच बाजूला हिंदू, मुसलमान, क्रिओल आणि चिनी शेजारी शेजारी बसून ओरडतात.