पदव्यांमागील हिशेब

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या समाजातील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. त्या पदव्यांसाठी पैसा कोठून आला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी सल्ला मागतात, तेव्हा आम्ही प्रथम हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवतो.

1913 साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिला कराराचे बंधन होते: शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. 1915 मध्ये एम. ए. झाले, 1916 मध्ये लंडनला प्रवेश मिळाला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारापोटी ते बडोद्यास गेले. तेथे त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, हे वाचकांस ठाऊक आहेच. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. त्यात राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची भर पडली, तेव्हा 1920 मध्ये लंडनची वाट पुन्हा मोकळी झाली. 1923 ची डी. एस्सी. ही अशी शिष्यवृत्ती, नोकरी व कर्ज या तिहींतून उभी राहिली. त्यांतील एकही एकटे पुरले नसते.

आजही मार्ग हेच आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन प्रमुख योजना. राज्याची योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या दृष्टीने धर्मांतरित बौद्ध अनुसूचित जातींत आले ते 1990 च्या दुरुस्तीने. म्हणून मूळ जातीची नोंद असलेले प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. त्यापायी ऐन वेळी धावपळ नको.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही विशेष लक्ष वेधतो. 2022 मध्ये केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. बाबासाहेबांनी 1916 च्या मे महिन्यात कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या विषयाला या नियमाखाली शिष्यवृत्ती मिळाली नसती. बौद्ध इतिहासाचा अभ्यास परदेशी करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींवर हा सरळ आघात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशांनी केंद्राच्या योजनेवर विसंबण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचावी.

अमेरिकेत आणखी एक सोय आहे. विद्यापीठ विद्यार्थ्यास अध्यापन वा संशोधन साहाय्यक नेमते आणि बदल्यात शुल्कमाफी व मासिक विद्यावेतन देते. ही नेमणूक मुख्यतः पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना मिळते, एम. ए., एम. एस. करणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असता आठवड्यास वीस तासांहून अधिक काम करता येत नाही, तेव्हा फावल्या वेळच्या कमाईतून शुल्क भरण्याचा बेत करणेही व्यर्थच.

उरले कर्ज. कर्ज म्हणताच आपल्याकडील वडीलधारी मंडळी बिचकतात, आणि ते अकारण नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे 'अनणसुख' आहे. पण कर्ज काढून उद्योगाला लावणारा आणि ते फेडूनही काही शिल्लक राखणारा माणूस 'सामञ्ञफल सुत्ता'तील दृष्टांतात आहेच. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांवर बँका सहसा तारण मागतात. जमीन नसलेल्या आपल्या कुटुंबांची अडचण नेमकी येथे होते. शिक्षण चालू असताना व त्यानंतर सुमारे वर्षभर हप्ता नसतो, परंतु व्याज धावतच असते. सही करण्यापूर्वी पहिल्या हप्त्याच्या दिवशी एकूण देणे किती होईल, तो आकडा बँकेकडून लेखी मागून घ्यावा.