किनाऱ्यावरची लाट

एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला बोटीने वीसेक मिनिटं लागतात. चर्च, डच राजवाडा, ज्यू वस्ती असं सगळं संध्याकाळपर्यंत बघायचं होतं. ह्यांनी आदल्या रात्रीच वहीत यादी केली होती. सेंट फ्रान्सिस चर्च झालं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे बघायला उरलीय ती रिकामी जागा. तिथून किनाऱ्यावर चीनवलांपाशी आलो आणि यादी तिथेच अडली.

मल्याळममध्ये ‘वला’ म्हणजे जाळं. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली म्हणणारे आहेत, मकावहून पोर्तुगिजांनी आणली म्हणणारेही आहेत. फोटोत ती कोळ्याच्या जाळ्यासारखी हलकी दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, केवढं धूड आहे! दोन-तीन मजली घराच्या उंचीचे सागवानी वासे (काही ठिकाणी आता लोखंडी पाइप आलेत), टोकाला फाकलेले चार वाकडे हात आणि त्यांना चारी कोपरे बांधून पाण्यावर धरलेली झोळी. जमिनीकडच्या टोकाला जाड दोर, आणि दोरांना माणसाच्या डोक्याएवढे दगड.

“अगं, ही तर तुमची लाट!” हे म्हणाले.

खरंच की. गुहागरला माझ्या आजोळी विहिरीवर लाट होती. एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला दगड. सोलापूरकडच्या ह्या माणसाने ती लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली आणि पाणी काढता काढता दोनदा आपटला होता.

जाळं पाण्यात होतं. चार-पाच मिनिटं कुणी काही केलं नाही. एकाने विडी ओढली. मग तांडेलाने (आमच्याकडे त्याला हेच म्हटलं असतं) हाक दिली आणि चौघे दोरांना लोंबकळले. नुसत्या दंडाच्या जोराने हे उचलणं शक्यच नाही. अर्धं काम दगड करतात. गंमत अशी, की सगळे दगड एका उंचीवर बांधलेले नसतात. जाळं वर चढायला लागलं तसा सगळ्यात खालचा दगड फळीवर टेकला, मग त्याच्या वरचा, मग तिसरा. टेकलेल्या दगडाचं वजन दोरावरून उतरतं. जाळं वर आलं की तोलायला तेवढं ओझं लागतच नाही, तेव्हा वजन आपोआप कमी होतं. उतरवताना उलट: एक जण त्या मोठ्या वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं झुकतं, आणि दगड एकेक करून पुन्हा हवेत येऊन त्याला आवरतात. आमच्या लाटेला एकच दगड होता. म्हणूनच ती आपटायची.

झोळी पाण्याबाहेर आली. काठावरचे बगळे दोन पावलं पुढे सरकले. आत जलपर्णीचा मोठा गुंता, एक प्लास्टिकची बाटली, मूठभर कोळंबी आणि दोन करिमीन. करिमीन म्हणजे आमची काळुंदर. एवढ्याशा मासळीसाठी चार माणसं आणि एवढा खटाटोप! जलपर्णी उपसण्यातच जास्त वेळ गेला. पर्यटकांना दोर ओढू देऊन चार पैसे सुटतात ते वेगळे. फोटो काढून सगळे पुढे जातात, त्यात मला नावं ठेवायचा अधिकार नाही. मीही आधी फोटोच काढला.

ह्यांनीही दोर धरला. मासे न खाणारा माणूस, पण तीन वेळा ओढला. तिसऱ्या खेपेला तांडेलाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, वाकून एका दगडाचा दोर सोडला, वीतभर आखूड करून पुन्हा गाठ मारली. काय चुकलं होतं ते मला दिसलं नाही. त्याला बहुधा दोरातून हाताला कळलं असावं.

राजवाडा बंद व्हायची वेळ झाली होती. ज्यू वस्तीही राहिली. परतीच्या बोटीत ह्यांनी वही काढली, तेव्हा मला वाटलं, उद्याची यादी. डोकावून पाहिलं तर पाच गोळे काढलेले, प्रत्येकाखाली वेगळ्या लांबीची रेघ.

“चौथा,” हे म्हणाले, “चौथाच उशिरा टेकत होता.”