नेत्रपरीक्षणाचा अभ्यास व विषयांची निवड

दहावीचा निकाल लागला कीं प्रतिवर्षीं कांहीं विद्यार्थी पालकांसह आमच्याकडे येतात व कोणती शाखा घ्यावी असें विचारतात. काहीं वर्षांपूर्वीं मुरुडकडील एका कोळी कुटुंबांतील विद्यार्थी असाच आला होता. डोळे तपासण्याचें काम शिकण्याची त्याची मनीषा होती. आम्हीं फारसा विचार न करितां सांगितलें, “बाळ, चष्म्याचा धंदा म्हणजे दुकानदारी, तूं वाणिज्य शाखा घे.” बारावीनंतर त्यास कळलें कीं, त्या अभ्यासक्रमाचें दार आपणांस बंद आहे. विज्ञान शाखेंतून पुन्हां बारावी होण्यांत त्याचीं दोन वर्षें गेलीं. ही चूक आमची होती. ती इतरांचे बाबतींत घडूं नये, म्हणून हा लेख.

प्रथम तीन व्यवसायांतील भेद ध्यानांत घ्यावा. शस्त्रक्रिया करणारा नेत्रवैद्य आधीं वैद्यकाची पदवी घेतो व नंतर नेत्ररोगांचा विशेष अभ्यास करितो. चष्मेवाला भिंगें घासून चौकटींत बसवितो. या दोहोंमध्यें ऑप्टोमेट्रिस्ट असतो. तो दृष्टि तपासतो, भिंगाचा नंबर ठरवितो, आणि रोगाचें चिन्ह दिसतांच रुग्णास नेत्रवैद्याकडे पाठवितो.

आपल्या देशांत या विद्येचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच सुरू होतो. चेन्नईचें एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री 1985 सालीं निघालें; आतां मुंबई व पुणें येथेंहि हें शिक्षण मिळतें. 2021 सालच्या केंद्रीय कायद्यानें आरोग्यसेवेच्या संलग्न व्यवसायांत ऑप्टोमेट्रीची गणना केली आहे. अर्थात् आपल्याकडे खरी निवड अकरावींतच होते. भौतिक, रसायन व जीव हीं तिन्ही शास्त्रें घ्यावींत आणि शक्य तर गणितहि सोडूं नये. प्रवेशाच्या अटी सर्वत्र सारख्या नसतात. त्या ज्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकांत आधींच पाहाव्यात.

इतके विषय कशास, असें कोणी विचारील. थळच्या किनाऱ्यावरून रात्रीं खांदेरीचें दीपगृह पाहावें. दीपगृहांतील दिव्याचे किरण भिंगांच्या योगानें वळवून दूरवर पाठवितात. चष्म्याचें भिंगहि किरण वळवूनच आपलें काम करितें. हें भौतिकशास्त्र झालें. बहिर्गोल भिंगाचें केंद्रांतर अर्धा मीटर असल्यास त्याची शक्ति 2 डायॉप्टर, पाव मीटर असल्यास 4. हें गणित झालें. मधुमेहानें डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, आणि आरंभीं रुग्णास वेदना होत नाहींत. हें ओळखण्यास जीवशास्त्र हवें. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा गुण समजण्यास रसायन हवें. आणि ज्या आजीबाईंस अक्षरओळख नाहीं, त्यांस धीर देऊन “हें स्पष्ट दिसतें कीं तें?” असें विचारण्यास गोड भाषा हवी.

अमेरिकेंत रीत निराळी आहे. तेथें सामान्यतः चार वर्षांच्या पदवीनंतर चार वर्षें ऑप्टोमेट्री शिकतात. पदवीचा मुख्य विषय जीवशास्त्रच असावा असा नियम नाहीं. मानसशास्त्र वा साहित्यहि चालतें. मात्र सांगितलेले शास्त्रविषय पुरे करावे लागतात. प्रवेशपरीक्षेंतहि जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित व वाचनाचें आकलन पाहतात. ज्यांचे आप्त तेथें आहेत व ज्यांस तिकडे जावयाचें आहे, त्यांनीं आपल्या आवडीचा विषय मुख्य घ्यावा; कारण आवडीच्या विषयांत गुण चांगले मिळतात, आणि प्रवेश न मिळाल्यास तोच विषय निर्वाहास उपयोगी पडतो. विद्येच्या विविधतेनें नेत्रशास्त्राची हानि होत नाहीं. दृष्टिवैषम्याचें वर्णन 1801 सालीं करणारे थॉमस यंग हे वैद्य तर होतेच, शिवाय प्रकाशाचे संशोधक व प्राचीन लिपींचे अभ्यासकहि होते.

आमचा तो विद्यार्थी पुढें ऑप्टोमेट्रिस्ट झाला. गतवर्षीं त्यानेंच आमचे डोळे तपासले. पालकहो, शाखेच्या अर्जावर सही करण्यापूर्वीं मुलास काय व्हावयाचें आहे तें विचारा, आणि त्या मार्गास कोणते विषय लागतात याची चौकशी करा. शिक्षकाच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबूं नका, आमच्याहि नव्हे.