न सोडवताच सापडणारा चढ

१६३८ मध्ये रने देकार्त यांनी पिएर द फर्मा यांना आव्हान दिले: पानासारख्या आकाराच्या एका वक्राची स्पर्शिका काढून दाखवा. फर्मांची पद्धत सदोष आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. फर्मांनी स्पर्शिका काढली. देकार्त यांना पद्धत मान्य करावी लागली.

असाच एक वक्र: क्ष³ + य³ = ६ × क्ष × य. यातून ‘य’ वेगळा काढणे जिकिरीचे. अव्यक्त विकलनात त्याची गरजच नसते. ‘य’ हा ‘क्ष’बरोबर बदलतो, हे धरून दोन्ही बाजूंचे विकलन करायचे. ‘य³’चे विकलन ‘३य²’वर थांबत नाही, त्याला चढाने गुणावे लागते. विद्यार्थी नेमके हेच विसरतात. शेवटी चढ = (२य − क्ष²) ÷ (य² − २क्ष). क्ष आणि य दोन्ही ३ असतील, तिथे तो −१ येतो.