कळव्याचा अर्ज पोहोचतो कसा?

मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश-अर्ज २००९ सालापासून संगणकावर भरले जाऊ लागले. कळव्याचा विद्यार्थी पत्त्यात ‘कळवा’ लिहितो. ते सर्व्हरपर्यंत जाते कसे?

संगणक जाणतो फक्त अंक. यूटीएफ-८ या संकेतात क, ळ, व आणि काना यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात, एकूण १२. साध्या अर्जाच्या रूढ पद्धतीत प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह धरून ३ चिन्हांनी लिहितात. म्हणजे ‘कळवा’ची झाली ३६ चिन्हे!

बटण दाबताच ब्राउझर ती धाडतो. सर्व्हर मजकूर तपासतो, नोंदवतो आणि उत्तर पाठवतो. ते उत्तरच वाटेत हरवले तर? अर्ज नोंदला गेला की नाही, हे ब्राउझरला समजत नाही. म्हणून पोच मिळेपर्यंत अर्ज पोहोचला असे मानू नये. पुन्हा बटण दाबण्यापूर्वी नोंद झाली का, ते पाहावे.