अणदूर परिसरातील चाफा आणि हिवाळ्यातील त्याचे संरक्षण

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, बालाघाटच्या पठारी प्रदेशात वसलेले आहे. येथील खंडोबा वर्षाचा बहुतांश काळ अणदूरला असतो आणि थंडीतील सुमारे दोन महिने नळदुर्गला मुक्कामास जातो. पौष पौर्णिमेची यात्रा नळदुर्गलाच भरते. देव गावी नसण्याच्या याच काळात परिसरातील देवळांच्या, शाळांच्या आणि घरांच्या अंगणांतील चाफा पाने टाकून उघडाबोडका उभा असतो. अशा वेळी पावसाळ्यात लावलेले रोप मेले असे समजून ते उपटून टाकले जाते. क्वचित ते वाचविण्याच्या भावनेने त्याला रोज बादलीभर पाणी घातले जाते, आणि हा दुसरा प्रकार पहिल्याइतकाच घातक ठरतो. पाण्यासाठी उन्हाळाभर वणवण करणाऱ्या भागात ही दुहेरी हानी होय. म्हणून अणदूरच्या थंडीत चाफ्याला नेमका कशाचा धोका असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थंडी आणि हिमकण यांतील भेद

मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस वा त्याहून खाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले, तर भारतीय हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. अणदूर परिसरात थंडीच्या लाटा येतात. हिमकण मात्र येथे नित्याचे नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्या बातम्या येतात त्या मुख्यतः महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरातून. तेथेही शहरातील तापमापकाचा पारा शून्याच्या बराच वर असताना सखल भागातील गवतावर, मोटारींच्या टपांवर दव गोठलेले आढळते.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करीत राहतात आणि लगतच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. ही थंड हवा जड असल्याने उताराने ओघळत ओढ्याकाठी व खोलगट जागी साचते. एकाच शिवारात ओढ्याकाठचे रोप करपते आणि माळावरचे सुखरूप राहते, ते यामुळेच. ढगाळ रात्री मात्र ढग जमिनीकडे उष्णता परत पाठवितात. सायंकाळी आकाश स्वच्छ असून वारा पडला, तर त्या रात्री सावध राहावे, एवढे अनुमान वृत्तपत्र न वाचताही करता येते.

चाफा पाने का टाकतो

चाफा आपल्या देवपूजेत इतका रुळला आहे की तो परदेशी आहे हे सांगावे लागते. त्याचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे. 'प्लुमेरिया' हे त्याच्या प्रजातीचे नाव चार्ल्स प्ल्युमिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. मूळ प्रदेशातील पानझडी रानांत तो कोरडा ऋतू पाने टाकूनच काढतो. मांसल खोडात पाणी साठवून ठेवणे आणि पानांवाटे होणारा त्याचा व्यय थांबविणे ही त्याची रीत आहे. मराठवाड्यातील कोरडा, थंड हिवाळा त्याच रीतीला चालना देतो. टोकदार पानांचा चाफा बहुधा पूर्ण निष्पर्ण होतो. गोलसर टोकाच्या, गडद हिरव्या पानांचा चाफा बरीच पाने राखून असतो. दोन्ही जाती शेजारी असल्या म्हणजे एक 'जिवंत' व दुसरी 'मेलेली' असा गैरसमज हमखास होतो.

पानगळीचे दुसरेही एक कारण असते. पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीसारखे ठिपके दिसल्यास तो तांबेरा होय; त्याचा दोष थंडीवर टाकू नये. अशी पाने गोळा करून जाळावीत.

खरी इजा निराळी असते. उष्ण कटिबंधातील वनस्पतींच्या पेशींची पटले साधारणतः १० ते १२ अंशांखाली ताठरू लागतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि पाणी न गोठताही कोवळा भाग काळवंडतो. चाफ्यात हे प्रथम शेंड्यांना जाणवते. पक्व फांदी थंडी सहज सोसते. शून्याखालील तापमान मात्र तिलाही मानवत नाही. म्हणून थंडीपूर्वी झाडाला कोवळे होऊ न देणे हेच मुख्य संरक्षण म्हणता येईल. दसऱ्यानंतर युरिया, शेणस्लरी यांसारखे नत्र देणारे खत बंद करावे आणि छाटणी टाळावी, कारण दोहोंमुळे अवेळी धुमारे फुटतात.

पाण्याचा प्रश्न

निष्पर्ण झाड पाणी फारच थोडे घेते. दिलेले पाणी मुळांशी साचून राहते आणि थंड, ओल्या मातीत मूळ व बुंधा कुजतो. अणदूर शिवारातील काळी जमीन तर पाणी धरून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशा जमिनीत मुरूम व जाड वाळू मिसळून उंचवट्यावर लावलेला चाफा टिकतो. आळ्याच्या खड्ड्यात लावलेला बुडतो. मोठ्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत पाण्याची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या रोपाला, बोटभर खोल माती पूर्ण कोरडी झाल्यावर आणि तेही सकाळी, तांब्या-दोन तांबे पुरेसे होतात.

अमेरिकेच्या थंड राज्यांत चाफा कुंडीत लावणारे लोक हिवाळ्यात त्याला तळघरात वा गॅरेजमध्ये ठेवतात. तेथे प्रकाश जवळजवळ नसतो आणि पाणी महिनोन्महिने दिले जात नाही. तरी वसंतात त्याला पालवी फुटते. अणदूरच्या चाफ्याची परीक्षा त्यामानाने फारच सौम्य आहे.

आच्छादन आणि धूर

कोवळ्या रोपास लाटेच्या चार-सहा रात्री झाकणे इष्ट. तुरीच्या काढणीनंतर तुराट्या सहज मिळतात. तीन तुराट्यांची तिकाटी करून तीवर गोणपाट जमिनीपर्यंत सोडावे, जेणेकरून जमिनीची ऊब आत अडकेल. केवळ शेंड्याला गुंडाळलेल्या फडक्याने हे साधत नाही. प्लास्टिक पानाला टेकले तर तेथेच इजा होते. ऊन आल्यावर आच्छादन काढणे आवश्यक आहे. बुंध्याभोवतीच्या पालापाचोळ्याचा थर मुळांना उबदार ठेवतो. परंतु जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही, त्यामुळे वरील हवा अधिक थंड होते. येथे मुळे गोठण्याचे भय नसल्याने हा थर उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा, हेच योग्य.

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटविल्या जातात. तेथे उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा व हवा ढवळली जाण्याचा. धुराचे सूक्ष्म कण जमिनीची निसटती उष्णता फारशी अडवीत नाहीत, उलट सकाळचे ऊन रोखतात. अंगणातल्या एका चाफ्यासाठी ओला पाला पेटवून घरभर धूर करण्यात अर्थ नाही. जपानमधील कानाझावा येथील केन्रोकुएन उद्यानात दर हिवाळ्यात पाइन वृक्षांच्या फांद्या दोरांनी तोलून धरतात. पण तो उपाय बर्फाच्या भाराविरुद्ध आहे, गारठ्याविरुद्ध नव्हे. आपल्याकडील गेरू-चुन्याच्या पट्ट्यांकडूनही उबेची अपेक्षा ठेवू नये.

झाड जिवंत आहे का

रोप उपटण्यापूर्वी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा थर असून चीक आल्यास झाड जिवंत आहे. खोड दाबून मऊ, पोकळ वा सुरकुतलेले लागल्यास कूज खाली उतरते आहे असे समजावे. अशा वेळी स्वच्छ, धारदार सुरीने पांढरा, चिकाळ भाग लागेपर्यंत काप घ्यावा. हा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. केवळ टोक काळवंडले असेल तर छाटणीसाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावे. त्या वेळी निघालेल्या निरोगी फांद्या आठ-दहा दिवस सावलीत ठेवून, चीक वाळल्यावर, मुरुमाड मातीत लावल्यास पावसाळ्यापूर्वी मूळ धरतात.